संबळाला मान, वादकाला वाटा

आश्विन शुद्ध प्रतिपदेला आई तुळजाभवानीची घोरनिद्रा सरते, मूर्ती सिंहासनावर विराजमान होते, घट बसतात आणि बालाघाटाच्या कुशीतील या क्षेत्री नऊ दिवस नादाचे राज्य सुरू होते. पहाटेच्या चौघड्यापासून रात्रीच्या छबिन्यापर्यंत असा प्रहर जात नाही की, ज्यात कोठे ना कोठे संबळ घुमत नाही. गळ्यात कवड्यांची माळ आणि हाती परडी घेतलेले आराधी, तुणतुण्याच्या तारेवर कथा उलगडणारे गोंधळी, वाटेवरच्या गावोगावचे हलगीवाले आणि सनईवाले यांच्या कंठांतून व हातांतून जगदंबेचा जागर होत असतो. भाविक दूरदूरहून पायी येतो, ज्योत घेऊन धावतो, कळस दिसताच हात जोडतो. पण त्याच्या अंगावर काटा उभा राहतो तो संबळाच्या पहिल्या ठोक्याने, हे कोणीही जुना यात्रेकरू मान्य करील.

नवरात्राच्या या विशेष पानावर दरवर्षी देवीचे माहात्म्य, अलंकारपूजा, रूढी व मानपान यांविषयी लिहिले जाते, आणि ते उचितच आहे. यंदा मात्र ज्यांच्या वाद्यांवाचून हा सारा विधी मुका राहील, त्या वादकांच्या पोटापाण्याविषयी व म्हातारपणाविषयी चार शब्द लिहावेत असे आम्ही योजिले आहे. ‘संघ’, ‘कामगार संघटना’, ‘युनियन’ हे शब्द गिरणीच्या फाटकाशी शोभतात, देवीच्या महाद्वाराशी नव्हे, अशी पुष्कळांची समजूत आहे. आमची तशी समजूत नाही. का नाही, ते क्रमाने सांगतो.

बिदागी, सुपारी आणि शिधा

कलावंताच्या पदरात पडणाऱ्या द्रव्याला आपल्या भाषेत किती नावे आहेत पाहा. कीर्तनकाराला बिदागी मिळते. गोंधळाची सुपारी दिली जाते आणि गोंधळ झाल्यावर शिधा, वस्त्र व दक्षिणा देतात. बँडवाल्याला इसार देतात, हलगीवाल्याला ओवाळणी पडते. एवढ्या शब्दांत ‘वेतन’ हा शब्द मात्र कोठेही येत नाही. या शब्दांत एक सौजन्य आहे, हे आम्ही नाकारीत नाही. कला विकत घेतली असे न म्हणता कलावंताचा सन्मान केला, असे म्हणण्याची ती रीत आहे. परंतु ज्याला वेतन म्हटले जात नाही ते कोणाचे देणेही ठरत नाही. ते देणाऱ्याच्या मर्जीवर राहते. एका घरी भरल्या हाताने मिळाले तर दुसऱ्या घरी ‘देवीचेच तर काम आहे’ एवढ्या शब्दांवर बोळवण होते.

आणि हे कामही बारमाही नाही. आश्विनात शारदीय नवरात्र, पौषात शाकंभरी नवरात्र व नळदुर्गच्या खंडोबाची यात्रा, चैत्रात येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा आणि तेरला गोरोबाकाकांचा उत्सव; मध्यंतरी लग्नसराई, कुळाचाराचे गोंधळ आणि गावोगावचे सप्ताह. एवढ्यात जे मिळेल त्यावर वर्ष काढायचे. मृगाचा पाऊस पडला की वाद्याचे चामडे सैल पडते आणि घरची चूलही थंडावते. उरलेल्या दिवसांत हे गुणी लोक शेतमजुरी करतात, ऊसतोडीला जातात, नाहीतर पुण्या-मुंबईची वाट धरतात.

आमच्या स्वतःच्या व्यवसायाचे एक उदाहरण देतो. एका गावी उत्सवात आमचे कीर्तन झाले. समारोपाला आयोजकांनी आम्हांस शाल, श्रीफळ आणि बिदागीचे पाकीट दिले. तबल्याची व पेटीची साथ करणाऱ्या दोघांच्या हाती केवळ नारळ पडला. आम्ही विचारले तेव्हा उत्तर आले, “महाराज, तुमच्यातच सगळे आले.” तबलजी दोन दिवसांचा रोजगार बुडवून आला होता. त्या रात्रीची वाटणी आम्ही आमच्या पाकिटातून केली. पण प्रश्न एका पाकिटाचा नव्हता. जेथे साथीदाराचा वाटा आधी ठरलेला नसतो, तेथे तो बुवांच्या भलेपणावर अवलंबून असतो. आणि भलेपणा हा काही हिशेबाचा पाया होऊ शकत नाही.

शास्त्रकारांनी हा प्रश्न पाहिला होता

वादकाच्या मोबदल्याचा नियम करणे म्हणजे पाश्चात्त्यांचे अनुकरण, असे कोणी म्हणेल तर त्याने आपले ग्रंथ उघडून पाहावेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात सेवकांच्या व कामकऱ्यांच्या वेतनाचा विचार आहे. तेथे कारागीर, कुशीलव म्हणजे नट-गायकादी कलावंत, वैद्य, आणि ‘वाग्जीवन’ म्हणजे वाणीवर उपजीविका करणारे, अशा लोकांचा एकत्र निर्देश येतो. कथेकरी आणि कीर्तनकार या शेवटच्या वर्गात बसतील. हे सारे काही मिळेल या आशेवर काम करतात. त्यांना किती द्यावे? कौटिल्य म्हणतो, त्याच प्रकारचे काम करणाऱ्या दुसऱ्यास जे मिळते ते द्यावे, किंवा त्या विद्येतील जाणकार जे ठरवतील ते द्यावे. दराचा निर्णय देणाऱ्याच्या लहरीकडून काढून कलेच्या जाणकारांकडे सोपवणे, हेच तर आजचे संघ करतात.

याहून नेमका नियम बृहस्पतीचा आहे. बृहस्पतिस्मृती आज अखंड उपलब्ध नाही; पुढील निबंधकारांनी उद्धृत केलेल्या वचनांवरून ती जुळवावी लागते. त्यात ‘संभूयसमुत्थान’ म्हणजे अनेकांनी मिळून केलेला उद्योग, हे एक व्यवहारपद आहे. व्यापारी, शेतकरी, कारागीर यांनी एकत्र काम केल्यास नफा कसा वाटावा हे सांगताना स्मृतिकार नर्तक-गायकांच्या मेळापर्यंत येतो आणि म्हणतो, गाणाऱ्यांनी समान वाटे घ्यावेत व ताल जाणणाऱ्याने दीड वाटा घ्यावा. वाचकहो, ताल धरणाऱ्याला दीडपट! आज आमच्या समाजात तालवाद्य वाजवणारा पंगतीच्या शेवटी बसतो. स्मृतिकाराने त्याला गायकाच्याही पुढे बसवले होते, कारण ताल सुटला तर मेळाच सुटतो, हे त्याला ठाऊक होते.

संघाची पतही आपल्याकडे मोठी होती. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील या लेखात त्याने भिक्षूंच्या वस्त्रादी खर्चासाठी ३००० कार्षापण गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ठेवल्याचे लिहिले आहे. २००० एकीकडे, दरमहा शेकडा १ व्याजाने, आणि १००० दुसरीकडे, शेकडा पाऊण व्याजाने. राजाचा जावई आपले दान चिरकाल चालावे म्हणून विणकरांच्या संघावर विश्वासतो, ही गोष्ट लहान नाही. आमच्या जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर, हे याच काळातील व्यापाराचे मोठे पेठस्थान होते.

शाहीर गायले, पुढे काय?

आधुनिक काळात महाराष्ट्रातील कामगार चळवळ आणि गाणारे यांचे नाते फार जवळचे राहिले. आमच्या शेजारच्या बार्शीत १९१६ साली जन्मलेले शाहीर अमर शेख, तसेच अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांचे लाल बावटा कलापथक १९४४ पासून गिरणगावात व गावोगावी गाजले. संपाच्या सभेत भाषणापूर्वी डफावर थाप पडे आणि मग मैदान भरे. युनियनच्या कार्याला शाहिरांनी आपला कंठ दिला. मात्र डफ, ढोलकी, संबळ वाजवणारा हाच स्वतः एक कामगार आहे, त्यालाही आजारपण येते, त्याचेही हात एक दिवस थकतात, हा विचार ग्रामीण भागात मागेच राहिला.

मुंबईच्या चित्रपटसृष्टीत तो झाला. गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलेखन शिकून आलेले अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे वादक व संयोजक, तसेच मराठी, बंगाली, पारशी वादक यांच्या बळावर हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद उभे होते. पडद्यावर त्यांचे नाव क्वचितच येई. १९५० च्या दशकात या वादकांची संघटना उभी राहिली. पुढे तिच्यामार्फत वादकांच्या श्रेणी ठरल्या, ध्वनिमुद्रणाच्या पाळीचे दर ठरले, जादा वेळेचा हिशेब होऊ लागला. ज्याला पूर्वी ‘बघू, पुढच्या गाण्याला देऊ’ हे ऐकावे लागे, त्याच्या वतीने बोलणारे कोणी उभे राहिले.

आकाशवाणीचे उदाहरणही ध्यानात घेण्याजोगे आहे. तेथील ‘स्टाफ आर्टिस्ट’ वर्षानुवर्षे कराराच्या धाग्यावर लोंबकळत होते. कलावंतांनी चिकाटीने दाद मागितली आणि १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना शासकीय सेवकाचे स्थान असल्याचे मान्य केले.

यंत्राशी गाठ

परदेशांतील वादकांनी हा मार्ग आधी चोखाळला. इंग्लंडात १८९३ साली मँचेस्टर येथे जोसेफ विल्यम्स नावाच्या क्लॅरिनेटवादकाने वादकांचा संघ स्थापिला. अमेरिकेत १८९६ साली वादकांचा महासंघ झाला. बोलपट आले तेव्हा मूकपटांच्या थिएटरांत वाजवणारे हजारो अमेरिकन वादक बेकार झाले. पुढे ध्वनिमुद्रिका घरोघरी व उपाहारगृहांत वाजू लागल्या. एकदा वाजवलेले हजार वेळा ऐकले जाई आणि वादकाला पैसे एकदाच मिळत. १ ऑगस्ट १९४२ रोजी महासंघाचे अध्यक्ष जेम्स पेट्रिलो यांनी ध्वनिमुद्रणावर बहिष्कार पुकारला. महायुद्धाचे दिवस होते. टीका झाली, दडपण आले, तरी वादक हटले नाहीत. १९४३ मध्ये एक मोठी कंपनी नमली, नोव्हेंबर १९४४ मध्ये उरलेल्या दोन. प्रत्येक विकल्या जाणाऱ्या ध्वनिमुद्रिकेमागे काही रक्कम एका निधीत जमा करण्याचे ठरले आणि त्या निधीतून काम नसलेल्या वादकांचे विनामूल्य जाहीर कार्यक्रम होऊ लागले. वादकाला काम मिळाले, गावाला संगीत मिळाले.

यात मर्म आहे ते असे. यंत्र थांबवणे संघालाही साधत नाही. मुंबईतही विद्युत्वाद्ये आणि संगणक आल्यावर मोठ्या वाद्यवृंदांचे काम ओसरलेच. पण यंत्राच्या कमाईतून हाताने वाजवणाऱ्याचा वाटा काढून घेणे मात्र संघालाच साधते, एकट्यादुकट्याला नाही. आमच्याकडे हे यंत्र ‘डीजे’च्या रूपाने आले आहे. मिरवणुकीत भिंतीएवढे भोंगे येतात आणि हलगी-सनईचा ताफा घरी बसतो. रात्री १० नंतर ध्वनिवर्धक बंद, हा २००० सालच्या नियमांचा दंडक आहेच. परंतु केवळ बंदीने हलगीवाल्याच्या घरी भाकरी जात नाही. प्रत्येक मंडळाने आपल्या वाद्यखर्चाचा ठरावीक भाग पारंपरिक ताफ्यासाठी राखून ठेवावा, असा आग्रह धरणारे कोणी हवे. तो आग्रह एका वादकाने धरला तर त्याची सुपारी जाते. शंभरांनी धरला तर त्याची प्रथा होते.

संघाच्या निधीची खरी किंमत संकटात कळते. २०२० चे नवरात्र तुळजापुरात भाविकांवाचून झाले. देवीचे विधी यथासांग झाले, पण यात्रा नाही, लग्ने नाहीत, सप्ताह नाहीत. त्याच वर्षी मार्चमध्ये इंग्लंडच्या वादकसंघाने आपल्या सभासदांसाठी १० लाख पौंडांचा साहाय्यनिधी उघडला, कारण त्याच्यापाशी सव्वाशे वर्षांची शिल्लक होती. आपल्या राज्यात शासनाने २०२१ मध्ये सुमारे ५६ हजार कलावंतांना एकरकमी ५ हजार रुपये देण्याचे ठरवले. मदत ती मदतच. पण ती यावी म्हणून वाट पाहावी लागली, आणि ज्याचे नाव कोणत्याच यादीत नव्हते त्याने कशाची वाट पाहावी?

ज्याला एक मालक नाही त्याचा संघ

येथे कोणी शंका काढील की, गिरणीला मालक असतो, गोंधळ्याला मालक कोण? आज या घरी, उद्या त्या घरी. मग युनियन कोणाविरुद्ध? या शंकेचे उत्तर देशात मिळून चुकले आहे. अहमदाबादेत इला भट्ट यांनी फेरीवाल्या, चिंध्या शिवणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या स्त्रियांचा ‘सेवा’ हा संघ नोंदवायला नेला तेव्हा हीच हरकत निघाली. संघ कोणाविरुद्ध नसतो, तो आपल्या लोकांच्या एकीसाठी असतो, असे त्यांनी पटवले आणि १९७२ साली नोंदणी झाली. आपल्या महाराष्ट्रात तर याहूनही जवळचे उदाहरण आहे. माथाडी कामगार आज एका पेढीत, उद्या दुसऱ्या. अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. काम देणारे अनेक असले तरी मजुरी व तीवरील ठरावीक आकार मंडळात जमा होतो आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, औषधपाणी यांची तरतूद होते. पाठीवर पोते वाहणाऱ्यासाठी जे झाले, ते गळ्यात संबळ वाहणाऱ्यासाठी का होऊ नये?

दुसरी शंका भाविकांची. देवीची सेवा आणि हक्कांची भाषा, ही सांगड कशी? आमचे उत्तर साधे आहे. दिवटीचे तेल फुकट येत नाही, परडीतला जोगवाही पिठाचाच असतो. तुळजापूरच्या देवस्थानाचे नियम निजामी अमलात १९०९ साली ‘देऊल-ए-कवायत’ या नावाने लेखी झाले. पुजाऱ्यांच्या पाळ्या व मान ठरलेले असतात आणि त्यामुळे भक्तीला बाध येत नाही. उलट भांडण टळते. मग गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा वाटा लिहून ठेवल्याने भक्ती कशी विटाळेल?

सात जणांपासून

तर आपल्या धाराशिव जिल्ह्यात काय करता येईल? संघाच्या नोंदणीसाठी १९२६ च्या कायद्यापासून किमान ७ अर्जदारांचा नियम चालत आला आहे. एका गोंधळाच्या ताफ्यात चार-पाच जण असतात. म्हणजे दोन ताफे एकत्र बसले तरी आरंभ होतो.

पहिले काम नोंदवहीचे. शासनाची वृद्ध साहित्यिक व कलावंतांसाठीची मानधन योजना १९५४-५५ पासून आहे, आणि २०२४ पासून ते मानधन दरमहा ५ हजार रुपये झाले आहे. पण अर्जदाराला आपली कलासेवा कागदावर दाखवावी लागते. चाळीस वर्षे यात्राजत्रांत वाजवणाऱ्याजवळ ना पत्रिका, ना प्रमाणपत्र. त्याचा पुरावा म्हणजे बोटांवरचे घट्टे. संघाने ओळखपत्र द्यावे, कोठे केव्हा वाजवले याची नोंद ठेवावी, अर्ज भरून द्यावा. असंघटित कामगारांसाठी २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम नोंदणीत वयाची साठी उलटलेल्यांना प्रवेश नाही. आमच्यासारख्यांची वेळ गेली. तरुण वादकांनी ती दवडू नये.

दुसरे काम दराचे. तालुक्यागणिक जाणत्या वादकांनी बसून गोंधळाचा, मिरवणुकीचा, कीर्तनाच्या साथीचा किमान दर ठरवावा आणि कोणी त्याखाली जाऊ नये. हाच तो कौटिल्याचा ‘जाणकारांचा निर्णय’. तिसरे काम वाटणीचे. ताफ्याच्या नायकाने आणि आम्हां कीर्तनकारांनीही साथीदारांचा वाटा सुपारी घेतानाच बोलून टाकावा. चौथे, मुद्रणाचे. गोंधळ टिपून घेणारे आज घरोघरी आहेत. प्रयोगकर्त्याचा हक्क आपल्या कायद्यात १९९४ पासून आहे, आणि त्याच्या व्याख्येत गायक-वादकांबरोबर डोंबारी, गारुडी आणि व्याख्यान देणाराही आहे. २०१२ च्या दुरुस्तीने व्यापारी वापरातील मानधनावरचा त्याचा अधिकार अधिक स्पष्ट केला. हा कायदा संबळवादकाला समजावून सांगणारे कोणी नाही. संघाने ते करावे.

आणि पाचवे काम सर्वांत अवघड आहे. आपली वाद्ये जातीजातींत वाटली गेली. संबळ एकाचे, हलगी दुसऱ्याची, सनई तिसऱ्याची. आणि मानही तसाच उतरत्या भाजणीने. हलगीच्या नादावर गाव नाचते, पण हलगीवाल्याला ओट्याखाली उभे करते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. संघ कुळावर नव्हे, कामावर उभा राहिला तरच टिकेल. गोंधळी, आराधी, वाघ्या-मुरळी, हलगीवाले, सनईवाले, भजनी मंडळांचे पखवाजवाले आणि कीर्तनाचे साथीदार एका सतरंजीवर बसले, तर त्या बैठकीइतका मोठा जागर दुसरा नसेल.

गोंधळाच्या आरंभी गोंधळी गावोगावच्या दैवतांना नावे घेऊन बोलावतो. एकही दैवत सुटू नये, सर्वांनी गोंधळाला यावे, अशी ती विनवणी असते. दैवते गोळा करण्याची ही विद्या ज्यांच्या वाणीत पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्यांना माणसे गोळा करणे अशक्य नाही. दसऱ्याला आपण सीमोल्लंघन करतो. यंदा जिल्ह्यातील वादकांनी एकटेपणाची सीमा ओलांडावी, आणि यजमानांनी, मंडळांनी व देवस्थानांनी त्यांच्या वाट्याचा सन्मान करावा, एवढीच जगदंबेच्या चरणी आमची प्रार्थना. आई राजा उदो उदो!